मुलगा खोलीबाहेर येत नाही, तेव्हा आधी बाहेर कोणी पडायचं?

तुम्ही कळवलंय ते थोडक्यात असं. मुलगा सव्वीस वर्षांचा. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात दीड वर्ष नोकरी केली, प्रोजेक्ट संपल्यावर कंपनीनं कमी केलं. ‘महिनाभर राहतो’ म्हणून गावी आला, त्याला आता चौदा महिने झाले. दिवसा झोपतो, रात्री जागतो. ताट दाराशी ठेवलं की तासाभरानं रिकामं मिळतं. पाहुणे आले की आतून कडी. मित्रांचे फोन तो घेत नव्हता, आता ते यायचेही थांबलेत. जपानमधल्या ‘हिकिकोमोरी’बद्दल, म्हणजे महिनोन्महिने घरात कोंडून राहण्याबद्दल, तुम्ही वाचलंत आणि विचारलंत की हा आजार म्हणायचा की आळस, तिकडचं हे आपल्याकडे कसं आलं, नेट तोडावं का, चार माणसं लावून दवाखान्यात न्यावं का. आणि तुमचे थोरले बंधू म्हणतात तसं लग्न लावून दिलं तर तो मार्गी लागेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई होते. लग्न लावू नका. ज्याला आईसमोर बसून जेवणं जड जातंय, त्याच्या खोलीत एक अनोळखी मुलगी आणून सोडायची, हा त्याच्यावरही अन्याय आणि तिच्यावर तर फारच मोठा. अशी लग्नं मी पाहिली आहेत. मुलगा आणखी आत जातो, सुनेला वर्षभर कोणी खरं सांगत नाही, आणि शेवटी ‘हिनंच याला असं केलं’ हे ऐकून ती माहेरी परतते. भाऊंना माझ्या वतीनं सांगा, हा विषय सध्या बंद.

आता आळसाबद्दल. आळशी माणूस सुखात असतो. तो सिनेमाला जातो, मित्राच्या लग्नात नाचतो, कामाचं नाव काढलं की गायब होतो. तुमच्या मुलानं कामाबरोबर सुखही सोडलंय. वर्गमित्रांचा ग्रुप सोडला, आवडीचं खाणं मागणं सोडलं, केस कापणं सोडलं. भारत, जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिका या चार देशांत अशा ३६ जणांच्या मुलाखती घेऊन २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही माणसं कमालीची एकटी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांना या अवस्थेवर उपचार हवे होते. बोलायला तयार झालेलेच त्यात आले, हे मान्य. तरी ‘त्याला असंच राहायचंय’ असं आपण दाराबाहेर उभं राहून ठरवतो, तेव्हा आतलं वेगळं असू शकतं एवढं त्यातून दिसतं.

आजार आहे का, याचं उत्तर जरा लांबेल. घरात कोंडून राहणं तापासारखं आहे: ताप खरा असतो, मोजता येतो, पण तो कशामुळे आला हे शोधल्याशिवाय औषध ठरत नाही. जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१० च्या मार्गदर्शिकेतली कसोटी अशी की शाळा, नोकरी, मित्रमंडळी या सगळ्यांपासून तुटून सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ माणूस बहुतांशी घरातच राहिला, तर त्याला हिकिकोमोरी म्हणायचं. तेव्हा क्यूशू विद्यापीठात असलेले ताकाहिरो कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या व्याख्येत तीव्रतेच्या पायऱ्याही आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर पडणारा सौम्य, एखादा दिवस किंवा त्याहूनही कमी पडणारा मध्यम, खोलीही क्वचित सोडणारा तीव्र. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत हा शब्द आला आहे, पण स्वतंत्र आजार म्हणून नाही, त्या-त्या संस्कृतीत दुःख कसं व्यक्त होतं याच्या यादीत. मला ही जागा योग्य वाटते. चिठ्ठीवर ‘हिकिकोमोरी’ लिहून डॉक्टरचं काम संपत नाही, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

कारण खाली बऱ्याच गोष्टी असू शकतात, आणि त्या ओळखण्यात तुमची नजर माझ्यापेक्षा उपयोगी आहे. तुम्ही चोवीस तास तिथे आहात. रात्री खोलीतून बोलण्याचा आवाज येतो आणि फोन चालू नसतो, असं होतं का? खिडकीच्या फटी कागदानं बुजवल्यात का? शेजारी माझ्याबद्दल बोलतात, जेवणात काही घातलंय, असं कधी म्हणाला का? ही लक्षणं स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात. तो या वयातच सुरू होतो आणि त्यात उपचाराला उशीर करणं फार महाग पडतं. बाथरूममध्ये तास-दीड तास जातो, साबण संपत राहतो, दाराच्या कडीला हात लावायचा नसतो, तर मंत्रचळेपणाचा, म्हणजे ओसीडीचा विचार करावा लागतो. खाणं कमी झालं, वजन उतरलं, ‘मी तुमच्यावर ओझं आहे’ अशी वाक्यं आली, तर नैराश्य. लहानपणापासूनच मोजके मित्र, ठरलेल्या क्रमात थोडा बदल झाला तरी अस्वस्थता, एखाद्याच विषयात खोल बुडून जाणं, वर्गात चेष्टा होणं असं असेल, तर कधीच ओळखला न गेलेला सौम्य ऑटिझम असू शकतो. अशी मुलं शाळेच्या चौकटीत निभावून नेतात आणि नोकरीतल्या न लिहिलेल्या नियमांशी येऊन अडखळतात. चार लोकांत बोलायची भीती तर यांतल्या पुष्कळांना असते. आणि काहींच्या बाबतीत सगळं तपासूनही यांतलं काहीच सापडत नाही. एक अपयश, त्याची लाज, आणि लाजेपायी लांबत गेलेले महिने, एवढंच हाती लागतं. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुमचा मुलगा शेवटच्या गटात असेल असं वाटतं, पण न पाहता मी ते ठरवणार नाही.

मरणाची भाषा, स्वतःला इजा, जेवण-पाणीच बंद, किंवा अंगावर धावून येणं, यांतलं काही दिसलं तर मात्र पुढे मी लिहितोय तो सगळा धीर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटल किंवा जवळचा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतून बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, माणसाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसल्यानं धोक्यात असेल, तर त्याची संमती नसतानाही नातेवाइकांच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी तपासून, मर्यादित काळासाठी दाखल करता येतं. नुसता खोलीबाहेर येत नाही, एवढ्या कारणावर नाही. चार माणसं लावून उचलून नेण्याला माझा विरोध कायद्यापुरता नाही. जपानमध्ये पालकांकडून मोठ्या रकमा घेऊन मुलांना बळजबरीनं बाहेर काढणाऱ्या आणि वसतिगृहात ठेवणाऱ्या खासगी संस्था निघाल्या. त्यांतल्या काहींविरुद्ध ही मुलं न्यायालयात गेली आणि भरपाई मिळवून परतली. पण ज्यांनी त्या माणसांना दार उघडून दिलं, त्या आई-वडिलांवरचा गेलेला विश्वास भरून देणं कुठल्या न्यायालयाच्या हातात नव्हतं.

हे जपानमधून आपल्याकडे आलं असं समजू नका. तिथे ते आधी मोजलं गेलं. १९७० च्या दशकातच योमिशी कासाहारा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ, परीक्षा-वर्ग सगळं सोडून खोलीत बसणाऱ्या विद्यापीठातल्या मुलांबद्दल लिहीत होते. १९९८ मध्ये तामाकी साइतो या मानसोपचारतज्ज्ञांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि घराघरात दडलेली गोष्ट उघड्यावर आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला आर्थिक फुगा फुटला होता. पदवी मिळाली की त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीत रुजू व्हायचं, ही तिथली घट्ट रीत. ती गाडी चुकली की दुसरी जवळजवळ नसायची. त्या काळात हजारो मुलांची ती चुकली. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयानं २०२२ च्या अखेरीस केलेल्या पाहणीचा अंदाज असा, की १५ ते ६४ वयोगटात सुमारे १४ लाख ६० हजार माणसं या अवस्थेत आहेत, म्हणजे पन्नासात एक. पाचातल्या एकानं कोविडच्या काळाला कारण म्हटलं. चाळिशीच्या पुढच्यांत निम्म्याहून थोड्या जास्त स्त्रिया निघाल्या, ज्या आधीच्या मोजण्यांत ‘घरकाम करते’ या रकान्यात निघून जात. हे वाचताना मला आपल्या घरांतल्या मुली आठवतात. मुलगा खोलीत बसला की वर्षभरात ओरड होते. मुलगी कॉलेज सोडून घरात बसली तर ‘आमची शांत आहे, घर सोडत नाही’ असं कौतुक होतं.

मग बाकीचे देश शोधायला लागले आणि सगळीकडे सापडलं. दक्षिण कोरियाच्या सरकारनं २०२३ मध्ये एकाकी आणि कोंडून घेतलेल्या तरुणांचा अंदाज ५ लाख ४० हजारांच्या आसपास सांगितला. हाँगकाँगमध्ये ‘लपलेले तरुण’ म्हणून समाजसेवक त्यांना आधीपासून ओळखत होते. बार्सिलोनात घरी जाऊन उपचार करणाऱ्या पथकाला असे दीडशेहून जास्त रुग्ण मिळाले. इटलीत पालकांची संघटना उभी राहिली. ओमानमधल्या एका तरुणाची कहाणी २००५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हे देश खाण्यापिण्यात, धर्मात, हवामानात एकमेकांपासून किती लांब! पण या सगळ्या ठिकाणी प्रौढ मुलगा आई-बापाच्या घरात राहणं स्वाभाविक मानलं जातं, आणि मुलाचं अपयश हे घराण्याचं अपयश ठरतं. साइतो यांचं एक निरीक्षण माझ्या मनात घर करून आहे. ज्या समाजांत अठरा-वीस वर्षांचं झालं की घर सोडायचं असतं, तिथे अशीच बाजूला पडलेली मुलं रस्त्यावर झोपताना दिसतात, आणि जिथे घर सोडायचं नसतं तिथे ती खोलीत दिसतात. आपलं घर त्याला दोन वेळचं जेवण देतं, हे चांगलंच आहे. त्याच घरात त्याला लाज कुठे ठेवावी हे कळत नाही, तो गुंता आपल्याला सोडवायचाय.

नेटचं लवकर उरकतो. कासाहारांच्या विद्यार्थ्यांकडे मोबाइल नव्हते. साइतो यांचं पुस्तक आलं तेव्हा स्मार्टफोन बाजारात यायला जवळजवळ दहा वर्षं होती. काहींना गेमचं खरंखुरं व्यसन असतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत, पण बहुतेकांच्या बाबतीत फोन हा बाहेरच्या जगाशी उरलेला शेवटचा धागा असतो. रागाच्या भरात वायफाय तोडल्यावर मुलं बाहेर येत नाहीत. दार फोडतात, किंवा नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. तोडू नका.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. साइतो यांनी तीन वर्तुळं काढून दाखवली आहेत. माणूस, त्याचं घर, आणि समाज. एरवी ही एकमेकांना चिकटून असतात आणि त्यांच्यात येणं-जाणं चालू असतं. मुलगा कोंडून घेतो तेव्हा पहिलं वर्तुळ सुटतं. मग, हे आपल्या ध्यानात येत नाही, दुसरंही सुटतं. तुमच्याच पत्रात ते आहे. भाच्याच्या लग्नाला तुम्ही एकटे गेलात, वहिनी गेल्या नाहीत, कारण ‘मुलगा काय करतो?’ याचं उत्तर देववत नाही. भिशी बंद केली. गणपतीत लोक येतात म्हणून यंदा दीड दिवसावर आणलात. त्याच्यापायी घरानंही आतून कडी लावून घेतली. भिंतीपलीकडे तो हे रोज ऐकतो, आणि ‘माझ्यामुळे यांचं जगणं थांबलं’ हे ओझं त्याच्या छातीवर आणखी चढतं. घरच बाहेर जात नसेल तर त्यानं जावं कसं?

म्हणून बाहेर आधी तुम्ही दोघांनी पडायचं. वहिनींना भिशी पुन्हा सुरू करू द्या. लग्नात कोणी विचारलं तर सांगायला एक वाक्य ठरवून ठेवा, ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, घरीच आहे’. एकदा म्हणून पाहा, लोक पुढे फार विचारत नाहीत. आणि डॉक्टरकडे तो जात नसेल तर तुम्ही दोघं जा. पुष्कळ घरं ‘तो तयार झाला की नेऊ’ म्हणत वर्षं घालवतात. जपानमध्ये या उपचाराची पहिली पायरीच कुटुंबाची असते. मुलाचं तोंडही न पाहता महिनोन्महिने आई-वडिलांबरोबर काम चालतं. त्यासाठी वापरतात ती एक पद्धत मूळची अमेरिकेत व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी तयार झाली होती. टोमणे आणि आर्जवं दोन्ही कमी करायची, त्यानं आपण होऊन उचललेल्या बारीक पावलाची दखल घ्यायची, आणि स्वतःचं आयुष्य चालू ठेवायचं, असा तिचा गाभा आहे.

घरात त्याचा अर्थ असा होतो. उद्यापासून दाराशी ताट ठेवताना वहिनींनी ‘ठेवलंय रे’ एवढंच म्हणावं, ‘किती दिवस असं’ हे नको. सकाळी दारावरून जाताना साधा आवाज द्यायचा. उत्तर आलं नाही तरी रोज द्यायचा. नोकरी, वय, वर्गमित्र, लग्न हे चार विषय सध्या वर्ज्य. बाकी काहीही बोला, पावसाचं, मॅचचं, म्हशीचं. तो रात्री पाणी प्यायला बाहेर आला आणि तुम्ही जागे असलात, तर उठून मागे लागू नका. ‘चहा घेणारेस का?’ विचारा, नाही म्हणाला तर तुम्ही घ्या. त्याच्या हाती दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम द्या, मागायला लावू नका आणि हिशेबही घेऊ नका. स्वतःचा रिचार्ज, स्वतःचा शॅम्पू ठरवणं हेही या अवस्थेत काम असतं. अंगावर येणं मात्र एकदाही खपवून घ्यायचं नाही. तसं झालं तर, वर सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी डॉक्टर गाठण्याबरोबरच, ‘हे मी सहन करणार नाही’ म्हणून दोघांनी त्या रात्री बहिणीकडे निघून जावं, दुसऱ्या दिवशी फोन करून परत यावं. गरज पडली तर पोलिसांना बोलवावं. बापानं उलट हात उचलणं हा उपाय नव्हे.

बाहेर पडायची वेळ येईल तेव्हा काय द्यायचं, याबद्दल जपानच्या अकिता प्रांतातल्या फुजिसातो या डोंगरी गावाची हकीकत मला फार मोलाची वाटते. वस्ती तेव्हा जेमतेम चार हजार. तिथल्या समाजकल्याण मंडळानं २०१० च्या सुमारास घरोघर फिरून चौकशी केली, तेव्हा १८ ते ५५ वयाची ११३ माणसं कामाशिवाय घरात कोंडलेली सापडली. मंडळानं आधी करमणुकीचे कार्यक्रम ठेवले. कोणी फिरकलं नाही. मग वृद्धांची सेवा करणाऱ्या मदतनिसाचं प्रशिक्षण जाहीर केलं, तर ज्यांना कोणी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं ती माणसं दारात आली. त्यांना मन रमवायला काही नको होतं. उपयोगी पडायचं होतं. पुढे गावानं त्यांच्यासाठी केंद्र उघडलं, सोब्याच्या शेवयांचं उपाहारगृह चालवायला दिलं, आणि त्यांतले बरेच जण कामाला लागले. तुमच्या मुलाला उद्या ‘चल, महाबळेश्वरला जाऊन येऊ, बरं वाटेल’ म्हणाल तर तो येणार नाही. पण तो दोन वाक्यं बोलायला लागला की ‘सातबाऱ्याचं ऑनलाइन काय ते मला जमत नाही, तू बघतोस का?’ म्हणा. खरंच जमत नसेल तेच सांगा. खोटी मदत मागितलेली त्यांना लगेच कळते.

औषधांबद्दल एवढंच की खाली नैराश्य, ओसीडी किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर ती लागतात आणि उपयोगी पडतात. कोंडून राहण्यावर स्वतंत्र गोळी नाही. देवर्षी, अंगारे-धुपारे यांवर तुम्ही पैसे घालवलेत ते झालं, यापुढे कोणालाही त्याच्या खोलीत घेऊन जाऊ नका.

वेळ लागेल. महिन्यांचा हिशेब धरा. आणि लवकर सुरू करा हे मी इतक्या आग्रहानं सांगतोय, कारण जपानमध्ये २०१८ साली ४० ते ६४ वयोगटाची पाहणी झाली तेव्हा त्यांतले जवळजवळ निम्मे सात वर्षांहून जास्त काळ आत होते. ऐंशीच्या घरातले आई-बाप आपल्या पेन्शनीवर पन्नाशीच्या मुलाला सांभाळतात, याला तिथे ‘८०५०’ असं नावच पडलंय. तिथल्या आई-बापांनीही वर्षभर वाट पाहू, म्हणत सुरुवात केली होती. चौदा महिने म्हणजे अजून फार उशीर झालेला नाही.

या आठवड्यात एवढं करा. एका वहीत रोज दोन-तीन ओळी लिहा: किती वाजता झोपला, उठला, काय खाल्लं, अंघोळ केली का, काही बोलला का, त्याचेच शब्द. मत लिहू नका. नोकरी सुटण्याआधीच्या सहा महिन्यांत काय घडलं ते आठवेल तसं टिपून ठेवा. शक्य झालं तर पुण्यातल्या त्याच्या रूममेटला फोन करून विचारा. दोन्ही बाजूंच्या घराण्यांत कोणाला मानसिक आजार होता का, कोणी आत्महत्या केली होती का, हे वहिनींबरोबर बसून एकदा स्पष्ट बोला. मग ती वही घेऊन दोघं जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि निघताना त्याच्या दाराशी उभं राहून खरं ते सांगून जा, ‘आम्ही आमच्यासाठी डॉक्टरांकडे चाललोय, तुझ्याबद्दलही बोलणार आहोत, संध्याकाळपर्यंत येतो’.